विश्लेषण : पास घरी राहिला, टीसीने पकडले… भरलेला दंड परत मिळतो का?

महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले असतात. पासाची मुदतही संपलेली नसते. फक्त तो जवळ नसतो. सकाळी पर्स बदलली, पास जुन्या पर्समध्ये राहिला आणि नेमका त्याच दिवशी दादरच्या पुलावर टीसी उभा. मुंबईच्या लोकल प्रवाशांना हा प्रसंग नवा नाही आणि त्यानंतरचा संवादही ठरलेला : ‘साहेब, पास आहे हो, घरी राहिला.’ ‘मग दंड भरा.’ रेल्वेचे एका पैशाचेही नुकसान झालेले नसताना हा दंड कशाचा? आणि दुसऱ्या दिवशी पास नेऊन दाखवला तर पैसे परत मिळतात का?

पैसे भरले होते, मग विनातिकीट कसे?

याचे उत्तर रेल्वे कायदा, १९८९ च्या दोन कलमांत आहे. कलम ५४ नुसार अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याने मागणी केल्यावर प्रवाशाने पास किंवा तिकीट तपासणीसाठी दाखवले पाहिजे. कलम ५५ म्हणते की योग्य पास किंवा तिकीट ‘जवळ असल्याशिवाय’ किंवा रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय कोणीही प्रवासासाठी डब्यात शिरू नये, थांबू नये. सारा वाद या ‘जवळ असणे’ शब्दांवर येऊन थांबतो. पास काढलेला असणे आणि पास जवळ असणे या कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पास फोनमध्ये आहे, पण फोनची बॅटरी संपली, तरी स्थिती तीच. तपासणीच्या क्षणी दाखवता आला नाही, म्हणजे नाही. पासाचा जुना फोटो किंवा स्क्रीनशॉट दाखवूनही भागत नाही.

रक्कम किती आणि ती कशी ठरते?

कलम १३८ नुसार प्रवाशाकडून केलेल्या प्रवासाचे साधे एकेरी भाडे आणि त्यावर अतिरिक्त आकार घेतला जातो. हा आकार भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांपैकी जो जास्त असेल तो. लोकलचे भाडे २५० रुपयांच्या खूपच खाली असल्याने मुंबईत प्रत्यक्षात किमान रकमेचाच नियम लागू होतो. एकेरी तिकीट १५ रुपयांचे असेल तर पावती २६५ रुपयांची. एसी लोकल आणि फर्स्ट क्लासमध्ये भाडेच जास्त असल्याने रक्कम वाढते. मूळ कायद्यात ही किमान रक्कम ५० रुपये होती, नंतर दुरुस्ती होऊन ती २५० झाली.

भाडे कुठून मोजायचे, यावरही खटके उडतात. प्रवासी कुठे चढला याबद्दल शंका असेल, तर गाडी जिथून सुटली त्या स्थानकापासून किंवा आधी तपासणी झाली असेल तर त्या ठिकाणापासून भाडे धरता येते. ठाण्याला चढलेल्या प्रवाशाला कल्याण किंवा कर्जतपासूनचे भाडे लावले जाते ते यामुळे. मात्र हा अधिकार ‘शंका असल्यास’ आहे, सरसकट नाही. आपण कुठे चढलो हे तिथल्या तिथे स्पष्ट सांगणे म्हणून महत्त्वाचे.

‘मुद्दाम नाही केले’ या म्हणण्याला काही किंमत आहे का?

आहे, पण आपल्याला वाटते तिथे नाही. विनातिकीट प्रवासासाठी कायद्यात दोन स्वतंत्र दारे आहेत. कलम १३७ हे रेल्वेला फसवण्याच्या हेतूने केलेल्या प्रवासासाठी आहे. तो गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते आणि विशेष कारण नसेल तर दंड ५०० रुपयांपेक्षा कमी नसतो. भाडे आणि अतिरिक्त आकार त्याशिवाय. कलम १३८ मध्ये मात्र हेतूचा उल्लेखच नाही. तिकीट मागितले, दाखवले नाही, रक्कम देय झाली, इतकाच त्याचा हिशेब.

म्हणजे पास खरोखर घरी राहिला असेल, तर ते म्हणणे कलम १३७ च्या विरोधात भक्कम ढाल ठरते. ज्याने त्या मार्गाचे, त्या वर्गाचे पैसे आगाऊ भरले आहेत, त्याचा फसवणुकीचा हेतू कसा सिद्ध होणार? पण कलम १३८ च्या २५० रुपयांसमोर हीच ढाल चालत नाही. लोक ज्याला सरसकट दंड म्हणतात, ती रक्कम कायद्याच्या भाषेत शिक्षा नसून आकारणी आहे आणि आकारणीला ‘चूक झाली’ हे उत्तर होत नाही. टीसीशी अर्धा तास हुज्जत घालणाऱ्याला हे कुणी सांगत नाही आणि टीसीलाही ते समजावून सांगायला सवड नसते.

आरक्षित प्रवाशाला ५० रुपये, पासधारकाला २५० का?

या प्रश्नाचा खरा गाभा इथे आहे. लांब पल्ल्याच्या गाडीत ई-तिकिटावर प्रवास करणाऱ्याचा फोन बंद पडला, कागदही जवळ नाही, पण विहित ओळखपत्र आहे आणि नाव यादीत आहे, तर रेल्वेच्याच नियमानुसार त्याला प्रतितिकीट ५० रुपये आकारून प्रवास करू दिला जातो. त्याने पैसे भरल्याची नोंद टीटीईच्या हाती असते, म्हणून विसराळूपणाची किंमत कमी. लोकलच्या टीसीकडे अशी यादी नसते. पासधारकाचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक, मार्ग, मुदत हे सारे तिकीट प्रणालीत नोंदलेले असूनही पुलावर उभ्या टीसीपुरते ते नसल्यासारखेच.

रेल्वेची भीतीही अनाठायी नाही. पास ही सवलत आहे. रोज एकेरी तिकीट काढण्यापेक्षा तो खूपच स्वस्त पडतो आणि म्हणून तो एकाच व्यक्तीच्या नावे, अहस्तांतरणीय असतो. एक भाऊ सकाळच्या पाळीला, दुसरा रात्रपाळीला आणि पास एकच, हा प्रकार जुना आहे. ‘उद्या आणून दाखवतो’ याला मुभा दिली, तर एकाच वेळी एक जण पास घेऊन प्रवास करील आणि दुसरा ‘विसरलो’ म्हणून सुटेल. अलीकडे बनावट डिजिटल पास दाखवणारेही पकडले गेल्याने तपासनीस अधिकच साशंक झाले आहेत. लाखोंच्या गर्दीत प्रत्येकाची कहाणी पडताळणे टीसीला शक्य नाही, हेही मान्य करायला हवे.

तरीही यावर तोडगे निघालेले आहेत. जर्मनीत शहरी वाहतुकीत तिकीट न दाखवल्यास ६० युरो भरावे लागतात. पण तपासणीच्या वेळी आपल्या नावाचा वैध पास होता हे आठवडाभरात दाखवले, तर ही रक्कम ७ युरोवर येते. ही सोय फक्त वैयक्तिक पासाला आहे, कुणालाही वापरता येणाऱ्या पासाला नाही, म्हणजे दोन भावांच्या पळवाटेचाही विचार झालेला आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वेत सीझन तिकीट विसरल्यावर काढावे लागलेल्या तिकिटाचे पैसे वर्षातून दोनदा परत मागता येतात. भारतीय रेल्वे कायद्यात अशी ‘नंतर दाखवा’ तरतूद नाही. मुंबईच्या पासधारकाची तक्रार खरे तर टीसीविरुद्ध नसून या रिकाम्या जागेविरुद्ध असायला हवी.

टीसीसमोर उभे असताना काय करावे?

पास नसल्याचे तपासणीआधी, फलाटावर पोहोचतानाच लक्षात आले, तर सरळ एकेरी तिकीट काढावे. पास असताना पुन्हा पैसे भरणे जिवावर येते, पण यापेक्षा स्वस्त उपाय नाही. कायद्यात आणखी एक वाट आहे. गाडीत चढण्यापूर्वी अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन तसे प्रमाणपत्र मिळवले, तर फक्त भाडे द्यावे लागते, अतिरिक्त आकार नाही. सकाळच्या फास्ट लोकलसाठी धावणाऱ्याला असे प्रमाणपत्र कोण आणि कधी देणार, हा प्रश्न वेगळा.

पकडले गेल्यावर पास आहे हे सांगावे, ओळखपत्र दाखवावे आणि ईएफटी म्हणजे जादा भाड्याची पावती घ्यावी. पावतीवर तारीख, वेळ, कुठून कुठे, वर्ग आणि रक्कम नीट लिहिली आहे का, हे जागेवरच वाचावे. नंतरची सगळी दाद या एका कागदावर उभी राहते. पावतीशिवाय थोडक्यात मिटवण्याचा मोह महागात पडतो. एक तर ती लाच आणि वर दाद मागायला पुरावाही उरत नाही. कागदावर कलम १३७ लिहिले जात असेल, गुन्हा कबूल असल्याचा मजकूर असेल, तर न वाचता सही करू नये. घरी राहिलेल्या पासासाठी कलम १३८ पुरेसे आहे.

पैसे भरायचेच नाहीत असे ठरवले तर?

मग रेल्वे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वसुलीसाठी अर्ज करू शकते. रक्कम देय आहे याची खात्री पटल्यास ती दंडाप्रमाणे वसूल करण्याचा आदेश होतो आणि तरीही न भरल्यास किमान दहा दिवस ते एक महिना कैदेची तरतूद आहे. २६५ रुपयांसाठी एक दिवसाची रजा आणि न्यायालयाची पायरी, असा हा सौदा आहे. विनातिकीट प्रवाशाला गाडीतून उतरवण्याचा अधिकारही रेल्वेला आहे. मात्र एकट्या स्त्रीला किंवा मुलाला कुठेही उतरवता येत नाही. ती व्यक्ती जिथे चढली ते स्थानक, जंक्शन, अखेरचे स्थानक किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाचे स्थानक, इथेच आणि तेही दिवसाच.

भरल्यानंतर दाद कुठे आणि कशाच्या जोरावर?

मुंबईत मध्य रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांचे कार्यालय सीएसएमटीला, तर पश्चिम रेल्वेचे मुंबई सेंट्रलला आहे. तिथल्या वाणिज्य शाखेकडे लेखी अर्ज करता येतो. रेलमदद अ‍ॅप, १३९ हा क्रमांक आणि केंद्र सरकारचे तक्रार निवारण पोर्टल हेही मार्ग आहेत. अर्जासोबत ईएफटी, त्या तारखेला वैध असलेला पास आणि ओळखपत्र यांच्या प्रती जोडाव्यात. मूळ कागद देऊ नयेत.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. ‘पास होता, घरी राहिला’ एवढ्यावर पैसे परत मिळण्याचा हक्क कायदा देत नाही. मिळाले तर ती प्रशासनाची सहानुभूती. अर्जाला खरी ताकद येते ती टीसीची चूक असेल तेव्हा. पास जवळ असताना मुदत किंवा मार्ग चुकीचा वाचला, प्रवासाचा वर्ग चुकीचा धरला, कारण नसताना सुरुवातीच्या स्थानकापासून भाडे लावले, बेरीज चुकली, पावती नाकारली, यांपैकी काही घडले असेल तर अर्जात तेच पहिल्या ओळीत लिहावे आणि विसरण्याची हकीकत दोन वाक्यांत उरकावी. बहुतेक अर्ज नेमके उलटे लिहिलेले असतात.

ग्राहक आयोगाचा पर्याय आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तक्रार शुल्क नाही. पण तिथे सेवेतील त्रुटी दाखवावी लागते. टीसीने कायद्याप्रमाणे पावती फाडली असेल, तर त्रुटी कोणती, हा प्रश्न येणारच. चुकीची आकारणी किंवा गैरवर्तन असेल तरच तो मार्ग धरण्यात अर्थ आहे. आकारणी कोणत्या नियमाने केली हे कळत नसेल, तर त्याआधी दहा रुपये भरून माहिती अधिकारात विचारता येते.

प्रकरण कलम १३७ खाली दंडाधिकाऱ्यांपुढे गेले असेल, तर हिशेब बदलतो. तिथे प्रश्न २५० रुपयांचा नसून गुन्हा नावावर लागण्याचा असतो. गर्दीत, कामावर जायच्या घाईत गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे होण्याकडे कल असतो. तारीख मागून मूळ पास दाखवणे आणि फसवणुकीचा हेतू नव्हता हे मांडणे हा प्रवाशाचा हक्क आहे आणि तिथे तो पास खरोखर उपयोगी पडतो.

पास जवळ नसताना अपघात झाला तर?

लोकलमधून पडून जखमी किंवा मृत झालेल्या प्रवाशाच्या भरपाईच्या दाव्यात ‘तो अधिकृत प्रवासीच नव्हता’ असा बचाव रेल्वे अनेकदा घेते. रीना देवी प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, केवळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा फेटाळता येणार नाही. दावेदाराने प्रतिज्ञापत्रावर संबंधित तथ्ये मांडली की पुढची जबाबदारी रेल्वेवर जाते आणि निर्णय परिस्थिती पाहून व्हायला हवा. अशा वेळी घरी राहिलेला पास हाच कुटुंबाच्या हातातला मोठा पुरावा असतो. त्यामुळे मुदत संपली तरी जुने कागदी पास लगेच फेकू नयेत आणि फोनमधल्या पासाचा क्रमांक व तो ज्या ओळखपत्रावर काढला त्याची नोंद घरात कुणाला तरी ठाऊक असावी.