कशावरून?

१९७९ साली स्कायलॅब आपल्याच डोक्यावर पडणार म्हणून लोक फार घाबरले होते, असं आजोबा सांगतात. ती पडली पार ऑस्ट्रेलियाकडं! आम्ही पोट धरून हसलो.

पण २०१८ सालची गोष्ट हसण्यासारखी नाही. पोरं पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा मोबाईलवरून पसरली. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना मारून टाकलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी होते. त्यांचीही पोरं घरी वाट बघत असतील ना?

गुरुजी आम्हाला प्रत्येक उत्तराला विचारतात, "कशावरून?" माझं मत असं, की मेसेज पुढं पाठवण्याआधी मोठ्यांनीही तेच विचारावं. पालकहो, रागावू नका. पोलीस पाटलांचं घर शाळेच्या मागंच आहे.