‘मुलायम’ हाकलून दाखवा

मराठीतून अरबी-फारसी शब्द हाकला, असा फॉरवर्ड अधूनमधून येतोच. यादीत तारीख, अर्ज, वकील असतात. ‘मुलायम’ मला अजून दिसलेला नाही. तो परका वाटतच नाही ना!

अरबीत ‘मुलाइम’ म्हणजे जुळणारा, अनुकूल. जखमेच्या कडा सांधून ती भरून येते, त्यासाठीचा अरबी शब्दही याच धातूचा. फारसीमार्गे आपल्याकडे येईपर्यंत अर्थ झाला मऊ. जे जुळतं ते खुपत नाही, साधं गणित आहे.

म्हणाल, मऊ आहे, मृदू आहे, मग हा कशाला? करा की फाइंड-रिप्लेस. भात मऊ, स्वभाव मृदू, रेशीम मुलायम, तब्येत नरम. आता ‘तब्येत जरा मृदू आहे’ असं बॉसला कळवून बघा. ‘तब्येत’ अरबी, ‘नरम’ फारसी, वाक्य मात्र अस्सल मराठी.

आमच्या नाशिक रोडजवळच्या भगूरचे सावरकर भाषाशुद्धीचे मोठे पुरस्कर्ते. ‘दिनांक’ अर्जावर रुजला, पण तोंडी आपण तारीखच विचारतो. नवे शब्द जरूर घडवा. जुने हाकलायचेच असतील, तर ‘सलोखा’पासून सुरुवात करा. तोही अरबी ‘सुलूक’मधून, म्हणजे वागणुकीतून आलाय.