‘सध्या काय करता?’ : कॅमेरा निघून गेल्यावरचा प्रश्न

२०११ मध्ये बिहारमधल्या मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये ५ कोटी रुपये जिंकले. तोवर ते मनरेगाच्या कामात कंत्राटी कम्प्युटर ऑपरेटर होते, पगार महिना सुमारे ६ हजार. नऊ वर्षांनी, २०२० मध्ये, त्यांनी स्वतःच फेसबुकवर लिहिलं की जिंकल्यानंतरचा काळ हा आयुष्यातला सर्वांत वाईट काळ होता. धंदे बुडाले, मदतीच्या नावाखाली लोकांनी फसवलं, व्यसन लागलं. त्या लिखाणातली एक साधी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पत्रकार अधूनमधून यायचे आणि विचारायचे, सध्या काय करता? आपण बेकार दिसू नये म्हणून ते कुठला तरी व्यवसाय सांगायचे. थोड्याच दिवसांत तो बुडायचा.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. घरातल्या पहिल्या पदवीधराला तो लग्नात, मयतीत, विहारात, एसटी स्टँडवर, सगळीकडे विचारला जातो. सुशील कुमारांना तो देशासमोर विचारला गेला, एवढाच फरक.

टीव्हीवरची प्रसिद्धी चार दिवसांची असते, असं सगळेच म्हणतात. पण चार दिवसांनंतर कोण कुठे जाऊन पडतं, हे सगळ्यांसाठी सारखं नसतं. याच कार्यक्रमाचे पहिले करोडपती, २००० सालचे हर्षवर्धन नवाथे, आठवून पाहा. मुंबईचा मराठी तरुण, वडील आयपीएस अधिकारी. तेव्हा ते यूपीएससीची तयारी करत होते. प्रसिद्धीच्या गर्दीत ती तयारी मोडली, म्हणजे नुकसान त्यांचंही झालं. पण पुढे ते परदेशात जाऊन एमबीए झाले आणि मोठ्या कंपन्यांमध्ये नोकरीला लागले. यात त्यांचा काही दोष नाही. एक दार बंद झालं तर दुसरं कुठे आहे, हे त्या घराला माहीत असणार, इतकंच.

त्या पहिल्या पर्वात ‘फोन अ फ्रेंड’ नावाची लाइफलाइन होती. अडलात तर ओळखीच्या माणसाला फोन लावायचा. पिएर बोर्द्यू ज्याला सामाजिक भांडवल म्हणतो, ते समजावायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही. फोन सगळ्यांकडे असतो. प्रश्न असा की फोन लावायला माणूस कोण आहे? आपल्या देशात अशी माणसं कोणाच्या ओळखीत असावीत, हे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरवलं. या स्पर्धकांपैकी कोणाची जात कोणती, हा माझा मुद्दा नाही. अचानक आलेला पैसा आणि नाव पेलायला जी शिदोरी लागते, ती या समाजात जातीच्या हिशेबाने वाटली गेली आहे, हा मुद्दा आहे. बक्षिसावर सरळ ३० टक्के कर कापला जातो, इथपासून ते कोणत्या कागदावर सही करू नये इथपर्यंत, सांगणारं कोणी घरात असावं लागतं.

२०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी १ कोटी जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या. मानधन महिना दीड हजार. तो आकडा ऐकून स्टुडिओतले लोक आणि घरोघरचे प्रेक्षक हळहळले. बबिताताईंचं यश खरंच मोठं आहे, अभ्यास त्यांनी स्वतःच्या बळावर केला. पण हळहळणाऱ्यांना दीड हजाराचा जाब कोणाला विचारायचा हे सुचलं नाही. केंद्राने २००९ मध्ये स्वयंपाकी-मदतनीसांचं मानधन महिना १ हजार, तेही वर्षातले १० महिने, असं ठरवलं होतं. दहा वर्षांनी केंद्राचा आकडा तोच होता, वरचे ५०० राज्याचे. एकीला कोटी मिळाले आणि बाकीच्या लाखो बायकांचं मानधन ही एक प्रेरणादायी गोष्ट होऊन बसली.

ज्या चुलीची ही गोष्ट, तिला जातीचाही इतिहास आहे. शालेय पोषण आहारासाठी स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं होतं. तरी २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचं जेवण नाकारलं आणि कामावरून तिलाच काढलं गेलं. बोंबाबोंब झाल्यावर परत घेतलं. करोडपतीच्या खुर्चीवर या गोष्टीला जागा नसते. तिथे गरिबी चालते, कारण गरिबीवर मात करता येते. जातीचं नाव काढलं की मात कोणी कोणावर करायची, हे सांगावं लागतं.

मी राहते त्या जबलपूरच्या मदन महल भागात आमच्यासारखी मराठी घरं आहेत, आजोबांच्या पिढीत भंडारा-गोंदियाकडून कामासाठी आलेली. जबलपूरची इशिता विश्वकर्मा २०१९ मध्ये ‘सा रे ग म प’ जिंकली, तेव्हापासून इथल्या घरांना टीव्ही फार लांबचा वाटत नाही. माझ्या मावसबहिणीने भरतीची एक परीक्षा काढली, तेव्हा एका वाहिनीचे लोक घरी आले. काका सफाईच्या कामाला. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. त्यांना सांगण्यात आलं, काका, कामाचे कपडे घाला आणि झाडू घेऊन उभे राहा. मुलीच्या यशाच्या दिवशी बापाला झाडू धरायला लावला. बातमी दोन मिनिटं चालली. नियुक्तीपत्र मात्र पुढचे कित्येक महिने आलं नाही, आणि ते का येत नाही हे विचारायला कॅमेरा परत फिरकला नाही. नातेवाईक मात्र विचारत राहिले, टीव्हीवर आली होती ना, मग सध्या काय करते?

याच्या उलट एक घर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, शिंदे घराणं. प्रल्हाद शिंदे, मग आनंद आणि मिलिंद, मग आदर्श आणि उत्कर्ष. त्यांना नाव टीव्हीने दिलं नाही. ते जयंतीच्या स्टेजने, कॅसेटने, वस्तीतल्या लाउडस्पीकरने दिलं. टीव्ही त्यांच्याकडे नंतर आला. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांवरची मालिका सुरू झाली, तिचं शीर्षकगीत आदर्श-उत्कर्ष यांचं. २०२१ मध्ये उत्कर्ष ‘बिग बॉस मराठी’त दिसले. कार्यक्रम संपला म्हणून त्यांचं नाव संपलं नाही, कारण श्रोता त्यांचा स्वतःचा होता. जयंती दरवर्षी येते. टीआरपी पडला म्हणून ती बंद होत नाही.

म्हणून टीव्हीवर जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. जावं, जिंकावं, पैसे घ्यावेत. पण घरी कॅमेरा आला तर बापाने कोणता शर्ट घालायचा हे बापच ठरवेल, एवढं आधी सांगावं. आणि बोलायला दोन मिनिटं मिळाली, तर त्यात रखडलेली भरती, अडकलेली शिष्यवृत्ती, आईचं मानधन यातलं एक तरी वाक्य घालावं. ते कापतील, तरी म्हणावं.

दुसरं काम आपलं आपल्यात आहे. सुशील कुमार २०२३ मध्ये बिहार लोकसेवा आयोगाची शिक्षक भरतीची परीक्षा उत्तीर्ण झाले. ५ कोटींनी जे स्थैर्य दिलं नाही, ते महिन्याच्या पगाराच्या नोकरीत त्यांनी शोधलं. आपल्या वस्तीतली अशी पोरंपोरी परीक्षा देऊन, निकाल लावून, सत्कार घेऊन घरी बसलेली आहेत. त्यांना भेटलात तर सध्या काय करतेस हे विचारू नका. कुठे अडलंय ते विचारा, आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून देऊ शकेल किंवा कराचा हिशेब समजावेल अशा एखाद्या माणसाचा नंबर द्या. सत्काराच्या शालींवर जयंती मंडळ जेवढा खर्च करतं, त्यातला थोडा अशा नंबरांची वही करायला वापरला, तर पुढच्या पोराला फोन लावायला कोणीतरी असेल.