पेट्रोलची की विजेची? सावित्रीकाठचा हिशेब

दसरा किंवा पाडवा जवळ आला की महाडच्या बाजारपेठेत आणि पोलादपूरच्या एसटी स्टँडवर एक वाद हमखास रंगतो. स्कूटर घ्यायची ती पेट्रोलची की विजेची? मुलगा मोबाइलवरचे आकडे पुढे करतो. वडील विचारतात, ‘बंद पडली तर बघणार कोण?’ आणि आई दोघांनाही एकच प्रश्न टाकते, ‘हप्ता किती बसेल?’ तिघांचेही प्रश्न रास्त आहेत. अडचण इतकीच, की शहरात बसून काढलेले उत्तर या खोऱ्यात जसेच्या तसे लागू पडत नाही.

आमच्या पिढीला असा पेच पडला नाही. १९७२ साली बजाजची ‘चेतक’ आली, तेव्हा प्रश्न कोणती घ्यावी हा नव्हता. नंबर कधी लागेल हा होता. लोक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत. पुढे ती ‘चेतक’ काळाआड गेली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच नावाने विजेवर धावणारी होऊन परतली. दुर्भिक्ष संपले, निवड आली. निवडीबरोबर हिशेब आला आणि तो आपला आपणच करायचा असतो.

बँकेच्या कर्जखात्यात उमेदीची वर्षे काढल्यामुळे मी हा प्रश्न असा मांडतो. पेट्रोलची स्कूटर थोडी स्वस्तात घरी येते आणि मग रोज थोडे थोडे पैसे मागत राहते. विजेची स्कूटर पुढच्या काही वर्षांच्या इंधनाचे पैसे जणू आगाऊ मागते आणि नंतर गप्प बसते. म्हणजे खरा प्रश्न असा, की हे आगाऊ पैसे वसूल होण्याइतके आपले धावणे आहे का?

समजा, पोलादपूरचा एक तरुण महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याला १,०००. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर खर्च २,३०० रुपयांच्या आसपास. तेवढ्याच अंतराला विजेच्या गाडीला ३५ ते ४० युनिटे लागतील. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांनंतरचे युनिट जवळजवळ दुपटीने महाग होते, म्हणून ही युनिटे वरच्या दरानेच मोजावीत. तरीही बिल ५०० रुपयांच्या आसपास वाढेल. महिन्याला १,८०० रुपये वाचले. गाडी २५ हजारांनी महाग पडली असेल, तर हा फरक सव्वा वर्षात फिटतो.

आता महाडातच दुकान असलेल्या आणि दिवसाला जेमतेम ८ किलोमीटर फिरणाऱ्या गृहस्थाचा हिशेब पाहा. त्याची बचत महिन्याला साडेतीनशेच्या घरात. तोच फरक फिटायला जवळजवळ सहा वर्षे लागतील आणि तोवर बॅटरी म्हातारी झालेली असेल. एकाच गावातल्या दोन घरांची उत्तरे वेगळी येतात ती अशी.

कागदावरचा हा हिशेब रस्त्यावर आणला की आधी आडवा येतो घाट. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर साधारण ४० किलोमीटर. जाहिरातीत ‘एका चार्जिंगमध्ये १०० किलोमीटर’ म्हटलेले असते, म्हणून मुलाला वाटते, सहज जाऊन येऊ. पण महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटरवर आहे. दोन माणसे बसलेली स्कूटर सव्वा किलोमीटर उंच उचलून न्यायची, तर चाळीस किलोमीटरांत दोन युनिटे वीज सहज जाते. बॅटरी तीन युनिटांची असेल, तर वर पोहोचेपर्यंत दोन-तृतीयांश रिकामी. उतरताना थोडी वीज परत मिळते. चढताना गेलेली सगळी नव्हे. घाटात पेट्रोलही जास्त जळते, पण ते बाटलीतून आणता येते.

दुसरी आडवी येते ती सावित्री. २००५ आणि २०२१ या दोन्ही जुलै महिन्यांनी या तालुक्याला जे दाखवले ते विसरता येण्यासारखे नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहराचे तळमजले पाण्यात गेले आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ८०हून अधिक माणसे गेली. त्या दुःखापुढे स्कूटर ही क्षुल्लक गोष्ट. पण संसार पुन्हा उभा करताना दारातले वाहन चालू असणे फार मोलाचे असते.

बुडालेली पेट्रोलची स्कूटर गावातला फिटर उघडतो, ऑइल बदलतो, साफसफाई करतो, आणि बरेचदा ती पुन्हा चालू होते. विजेच्या गाडीत किमतीचा सर्वांत मोठा भाग बॅटरी. बऱ्याच कंपन्या ज्या ‘आयपी ६७’ दर्जाचा उल्लेख करतात, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. महाडचा पूर मीटरही पाळत नाही आणि घड्याळही. पुरात बुडालेली बॅटरी तपासून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावणे धोक्याचे. तिने नंतरही पेट घेण्याची भीती असते. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यासह काही शहरांत विजेच्या स्कूटरी पेटल्यावर सरकारने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून बॅटरीचे नियम कडक केले, हे चांगलेच झाले. पण ते नियम पुराशी करार करीत नाहीत.

आणि वीज? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमधली कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. घरात एकच वाहन असेल आणि वाडी डोंगरात असेल, तर बाळंतीण किंवा आजारी म्हातारे तालुक्याला न्यायला तेच वाहन. तिथे बचतीपेक्षा भरवसा मोठा.

सरकारचे धोरण मात्र ठाणे आणि पोलादपूर यांना एकाच मापाने मोजते. केंद्राचे अनुदान २०२१ मध्ये बॅटरीच्या दर युनिट क्षमतेमागे १५ हजार रुपये होते. जून २०२३ मध्ये ते १० हजार, एप्रिल २०२४ मध्ये ५ हजार आणि एप्रिल २०२५ मध्ये अडीच हजारांवर आले. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल स्कूटरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. विजेच्या गाडीवर तो ५ टक्केच आहे. म्हणजे किमतीतला फरक दर वर्षी बदलतो. मोठी बॅटरी घेणाऱ्याला मोठे अनुदान, ही रीत मुळात ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या सोयीची. त्यातला थोडा पैसा एसटी स्टँडवरच्या उंच चौथऱ्यावरील चार्जिंगला आणि गावच्या फिटरला ही गाडी शिकवायला गेला असता, तर वडिलांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले असते.

मग घ्यावी कोणती? रोजचे धावणे तीस-चाळीस किलोमीटर असेल, रस्ता महामार्गाचा असेल, घरात दुसरे वाहन असेल आणि गाडी पुराच्या रेषेवर ठेवता येत असेल, तर विजेची घ्यावी. शक्यतो बॅटरी काढून माडीवर नेता येईल अशी. धावणे थोडे असेल, किंवा घाटातल्या वाडीत ते एकुलते एक वाहन असेल, तर आज पेट्रोलचीच बरी.

दोन पथ्ये मात्र सर्वांनी पाळावीत. कर्जाची मुदत बॅटरीच्या हमीपेक्षा लांब नसावी. नाहीतर बॅटरी संपते आणि हप्ते उरतात. आणि कायद्याला पुरेल एवढाच थर्ड पार्टी विमा घेऊन थांबू नये. त्यात तुमच्या स्वतःच्या बुडालेल्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. पूर्ण विम्याचे चार पैसे दर जूनच्या आधी भरलेले बरे. सावित्रीच्या काठी राहणाऱ्यांचे आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होत असले, तरी त्याची खरी तपासणी जुलैत होते.