अंतराळात दाखल केलेले शपथपत्र

परग्रहावरचे पाहुणे उद्या खरोखरच आले तर माणसाने त्यांना आपली ओळख काय म्हणून करून द्यावी, हा प्रश्न आपल्याकडे चेष्टेवारी नेला जातो. चळवळीतला कार्यकर्ता तर म्हणेल, इथे जातपडताळणीचा दाखला मिळता मिळत नाही आणि हे निघाले ताऱ्यांवर! पण बंधुभगिनींनो, ही ओळख कधीच करून दिली गेली आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली आणि प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवली. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, ११५ चित्रे आहेत, पावसापाण्याचे आवाज आहेत आणि दीड तासाचे संगीत आहे. त्यातले एक यान २०१२ साली व दुसरे २०१८ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. कोणत्याही दुसऱ्या ताऱ्याच्या आसपास फिरकायला त्यांना सुमारे ४० हजार वर्षे लागतील. थोडक्यात, अखिल मानवजातीच्या वतीने एक कागद दाखल झालेला आहे आणि त्यावर तुमचीआमचीही सही गृहीत धरलेली आहे. तो कागद वाचून पाहण्याचा हक्क आम्हाला आहे.

तबकडी तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख कार्ल सेगन हे थोर शास्त्रज्ञ होते आणि माणूस म्हणून सज्जन होते. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. परंतु समितीने एकमताने ठरवले की युद्ध, रोगराई, गुन्हेगारी आणि दारिद्र्य यांचे चित्र पाठवायचे नाही. अणुस्फोटाचे चित्र विचारात होते, तेही वगळले; पाहणाऱ्याला ती धमकी वाटेल, असे कारण दिले. कारण अगदीच टाकाऊ नाही. पण वकिली भाषेत बोलायचे तर महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून केलेले हे शपथपत्र आहे. असे शपथपत्र देऊन कोणी एकतर्फी मनाई हुकूम मिळवला आणि पुढे ते उघडकीस आले, तर न्यायालय तो हुकूम उठवते आणि वर चार शब्द सुनावते. सेगनसाहेबांनी शपथपत्राऐवजी लग्नाचा बायोडाटा पाठवला, एवढाच आमचा आक्षेप आहे. मुलगा सुस्वभावी, निर्व्यसनी, घरचे उत्तम. ताजमहालाचा फोटो आहे. तो बांधणाऱ्यांनी रात्री कुठे पाठ टेकली, ते नाही.

आणि दडवलेले फार काळ दडत नाही, याचा पुरावा त्याच तबकडीवर आहे. मानवजातीच्या वतीने तिच्यावर भाषण कोणाचे? संयुक्त राष्ट्रसंघाचे तेव्हाचे महासचिव कुर्ट वाल्डहाइम यांचे. हे गृहस्थ १९८६ साली ऑस्ट्रियाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा दुसऱ्या महायुद्धात बाल्कन प्रदेशात हिटलरच्या लष्करात केलेली नोकरी त्यांनी वर्षानुवर्षे लपवली होती, हे बाहेर आले. निवडणूक ते जिंकले. परंतु १९८७ साली अमेरिकेने त्यांना आपल्या भूमीवर प्रवेशबंदी केली. ज्या देशाने त्यांचा आवाज ताऱ्यांकडे रवाना केला, त्याच देशाने त्यांना दारात उभे करायचे नाकारले. तबकडी मात्र परत बोलावता येत नाही. ती चाललीच आहे, वाल्डहाइम शांततेचा संदेश देतच आहेत.

मराठीलाही तिच्यावर जागा मिळाली. (तामिळला मिळाली नाही, पालीलाही नाही. सुमेरियन आणि हित्ती या मेलेल्या भाषांना मिळाली.) आपल्या मराठी संदेशाचा आशय असा, की पृथ्वीवरचे लोक तुम्हाला शुभविचार पाठवतात आणि तुम्ही या जन्मी धन्य व्हावे, अशी त्यांची इच्छा आहे. या जन्मी! बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, ओघात आलेला शब्द तो. तरी पाहुणा विचारणारच, की बाबांनो, जन्म एकच असताना तो मोजता कशाला? मग त्याला मागच्या जन्मीचे पाप, त्यावरून ठरलेली या जन्मीची जात आणि जातीवरून ठरलेली विहीर, हे सगळे सांगत बसावे लागेल.

आता या तबकडीतल्या खऱ्या भागाकडे येऊ. तो भाग संगीताचा. भारताच्या वतीने केसरबाई केरकर यांची भैरवी तिच्यावर आहे, साडेतीन मिनिटांची. दरवर्षी कोणी ना कोणी संस्कृतिरक्षक लिहितो की आमची सनातन संस्कृती अंतराळात पोहोचली. कोणाची संस्कृती? केसरबाई १८९२ साली गोव्यातल्या केरी गावी कलावंत समाजात जन्मल्या. ज्या समाजातल्या बाया देवळाच्या सेवेला बांधल्या गेल्या, ज्यांचे गाणे सर्वांना हवे होते आणि ज्यांना घरची सून म्हणून कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, तो हा समाज. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारचे गवई. गोमंतकातली कलावंतीण, मुसलमान उस्ताद आणि शाहूंचा आश्रय, या तिघांनी मिळून ते साडेतीन मिनिटांचे गाणे घडवले आहे. दुसरे यान २० ऑगस्टला सुटले, पहिले ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई गेल्या.

त्याच तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन आहे. टेक्सासमधला काळा, आंधळा, रस्त्यावर उभा राहून गाणारा माणूस. १९४५ साली तो दारिद्र्यातच मेला. त्याच्या त्या गाण्यात शब्दच नाहीत. नुसते हुंकार आहेत. रात्र पडली आणि डोके टेकायला जागा नाही, या माणसाचे ते कण्हणे आहे. चित्रांमधून हाकललेले दारिद्र्य असे सुरांच्या वाटेने आत शिरले. चाळण लावणाऱ्यांच्या हातून जे निसटले, तेच आमच्या मते तबकडीतले सर्वांत प्रामाणिक निवेदन होय.

चित्रांची निवड झाली त्याच १९७७ सालच्या मे महिन्यात बिहारमधील बेलछी येथे ११ माणसांना मारून जाळण्यात आले. त्यातले ८ दलित होते. पुढच्या वर्षी मराठवाड्यात, विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने केला म्हणून, आमच्या वस्त्या पेटल्या. अमेरिकेतल्या समितीला हे ठाऊक असावे, अशी अपेक्षा नाही. पण ज्यांना ठाऊक असते तेही पाहुणा आला की तेच करतात. २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा उल्लेख येऊ नये म्हणून भारत सरकारने आटापिटा केला. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प येणार म्हणून अहमदाबादेत झोपडपट्टीपुढे भिंत उठली. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० चे पाहुणे येणार म्हणून मुंबईत झोपड्यांपुढे पडदे लागले. पृथ्वीवरच्याच पाहुण्यांपुढे ही तऱ्हा, तर परग्रहावरच्यांसाठी पडदा केवढा लागेल!

बाबासाहेबांची रीत याच्या नेमकी उलटी होती. अमेरिकेतल्या काळ्या जनतेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे वाचताच १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. भारतातले अस्पृश्यही तसेच करण्याच्या विचारात आहेत, असे त्यांनी कळवले. जगापुढे जायचे ते गाऱ्हाणे घेऊन, हातचे काही न राखता. यात देशाची बदनामी होते असे ज्यांना वाटते, त्यांनी बदनामी करणारी कृत्ये थांबवावीत. अर्ज थांबवून काय होणार?

तेव्हा पुढची तबकडी कोणी बनवणार असेल तर आमची एकच मागणी आहे. तिच्यावर भारतीय संविधानाचे कलम १७ घालावे. घटना समितीने ते २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजूर केले. अस्पृश्यता नष्ट केली आहे, तिचे आचरण करण्यास मनाई आहे आणि त्यातून कोणावर अपात्रता लादणे हा गुन्हा आहे, असे ते सांगते. आम्ही हे पाप केले, ही कबुली त्यात आहे. ते आम्ही बंद करतो, हा निश्चयही त्यातच आहे. मोठेपणा सांगणारी वाक्ये इतर देशांच्या घटनांत पुष्कळ सापडतील. वाचायला त्याला अर्धा मिनिटही लागणार नाही. अडचण पाहुण्यालाच येईल, कारण अस्पृश्यता म्हणजे काय, याची व्याख्या त्या कलमात दिलेली नाही. इथल्या कोणालाही ती वेगळी सांगावी लागत नव्हती. ती व्याख्या सांगायला आमच्या वस्तीतली कोणतीही म्हातारी पाठवा.