डीव्हीडी ड्राइव्ह ‘गेला’? आधी उबुंटूत बघा!

लग्नाची जुनी डीव्हीडी टाकली आणि विंडोजमध्ये ड्राइव्हच दिसेना. दुकानात उत्तर ठरलेलं: ‘ड्राइव्ह गेला, नवीन टाका.’ पण लॅपटॉपवर विंडोजसोबत उबुंटूही असेल, तर खरं-खोटं फुकटात कळतं. ही तपासणी न करता पैसे मोजणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

लॅपटॉप उबुंटूत सुरू करा, तीच डिस्क टाका. उघडली? मग लेझर, मोटर, जोडणी सगळं ठीक, गडबड विंडोजची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर पिवळं चिन्ह आणि कोड १९ किंवा ३९ दिसला, तर संशय रजिस्ट्रीतल्या ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदींवर घ्यावा. डिस्क बर्न करणारं सॉफ्टवेअर काढलं तरी त्या अनेकदा मागे राहतात. रजिस्ट्रीचा बॅकअप घेऊन ‘४डी३६ई९६५’ने सुरू होणाऱ्या विभागातल्या या नोंदी काढा आणि रीस्टार्ट करा. शेवटचं अक्षर नीट वाचा. ५ ऐवजी ‘बी’ असलेला विभाग कीबोर्डचा आहे. तिथली नोंद उडवली तर कीबोर्डच बंद पडतो!

उबुंटूतही ड्राइव्ह दिसत नाही, बायोसमध्येही नाव नाही? मग मात्र दुकानदार बरोबर असण्याची शक्यता जास्त.