आदेशावर सही कोणाची?

जेसन बॉर्नला समुद्रातून बाहेर काढतात तेव्हा त्याच्या पाठीत गोळ्या आहेत आणि स्वतःचे नावही त्याला आठवत नाही. आपण कोण, हे शोधता शोधता त्याला उमगते की आपण सरकारचे मारेकरी होतो. २००२ ते २०१६ या काळात मॅट डेमन यांनी चार चित्रपटांत ही भूमिका केली. पाठलाग आणि हाणामारीसाठी हे चित्रपट जगभर पाहिले गेले. मात्र राज्यसंस्था गुपचूप माणसे मारते तेव्हा तिला जाब कोणी विचारायचा, हा प्रश्न त्यांच्या मुळाशी आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा.

रॉबर्ट लडलम यांच्या १९८० च्या मूळ कादंबरीत बॉर्न खरा मारेकरी नाहीच. कार्लोस या दहशतवाद्याला उघड्यावर आणण्यासाठी त्याने मारेकऱ्याचे सोंग घेतलेले असते. दुसऱ्यांनी केलेले खून आपल्या नावावर घ्यायचे, हा त्या डावाचा भाग. त्यामुळे स्मृती परत येते तेव्हा त्याला दिलासा मिळतो. चित्रपटाने हा दिलासा काढून घेतला. पडद्यावरच्या बॉर्नने सरकारसाठी खरोखर माणसे मारली आहेत. एका परागंदा आफ्रिकी नेत्याला मारायला गेला असताना समोर लहान मूल दिसते आणि त्याचा हात थांबतो. तिथून सारी कथा सुरू होते. तिसऱ्या चित्रपटात तर कळते की या कामाला तो आपणहून आला होता. कादंबरीपासून दूर जाण्याचा हा निर्णय आम्हाला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे प्रेक्षकालाही सहज सुटका मिळत नाही.

पहिल्या चित्रपटाचे दिग्दर्शक डग लायमन यांचे वडील आर्थर लायमन हे १९८७ मध्ये इराण-कॉन्ट्रा प्रकरणाच्या सिनेट चौकशीत मुख्य वकील होते. कायदेमंडळाला अंधारात ठेवून परस्पर युद्धे चालवणारे अधिकारी कसे बोलतात, कसे वागतात, हे या दिग्दर्शकाने घरातच ऐकले असणार. चित्रपटातली गुप्तहेरांची कचेरी इतकी खरी वाटते, त्यामागे हेही एक कारण असावे.

तरीही एका जागी ही मालिका कमी पडते. तिच्यात दोष नेहमी दोन-चार वाट चुकलेल्या अधिकाऱ्यांचा असतो. ते उघडे पडले की हिशेब मिटतो. प्रत्यक्ष इतिहास याहून अस्वस्थ करणारा आहे.

सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने नोव्हेंबर १९७५ मध्ये परदेशी नेत्यांच्या हत्येच्या कटांवर अहवाल दिला. १९६० ते १९६५ या काळात फिडेल कॅस्ट्रो यांच्याविरुद्ध सीआयएचा हात असलेल्या किमान आठ कटांचे ठोस पुरावे समितीला मिळाले. त्यांत विषारी गोळ्या होत्या, जंतू लावलेला पाणबुड्याचा पोशाख होता, सुई दडवलेले पेन होते. ते पेन पॅरिसमध्ये एका क्यूबन हस्तकापुढे ठेवले गेले तो दिवस २२ नोव्हेंबर १९६३, म्हणजे केनेडी यांच्या हत्येचाच दिवस. काँगोचे पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांच्यासाठी सीआयएचे रसायनशास्त्रज्ञ सिडनी गॉटलिब १९६० मध्ये स्वतः विष घेऊन गेले. ते वापरले गेले नाही; जानेवारी १९६१ मध्ये लुमुंबांना त्यांच्या काँगोतल्या विरोधकांनी बेल्जियन अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत गोळ्या घातल्या.

हे आदेश दिले कोणी? इथे समिती अडखळली. लुमुंबांच्या बाबतीत अध्यक्ष आयझेनहॉवर यांची संमती होती असा तर्क करता येतो, इथपर्यंत ती पोहोचली, पण निःसंदिग्ध निष्कर्ष काढता आला नाही. वरिष्ठांपुढे विषय आडवळणाने मांडायचा, त्यांनी मोघम मान डोलवायची आणि अंगाशी आले तर अध्यक्षांना कानावर हात ठेवता यावेत अशी सोय राखायची, ही कामाची रीतच होती. याच गॉटलिब यांनी चालवलेल्या, मनावर ताबा मिळवण्याच्या ‘एमके-अल्ट्रा’ प्रयोगांच्या फाइली १९७३ मध्ये सीआयए प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांच्या हुकमाने नष्ट करण्यात आल्या. बॉर्नची स्मृती गेली ती अपघाताने. इथे एका खात्याने आपली स्मृती ठरवून पुसली, आणि हे करणारे वाट चुकलेले नव्हते, पदावर होते.

दुसऱ्या चित्रपटाची सुरुवात गोव्यात होते. बॉर्न तिथे प्रेयसी मेरीसोबत लपून राहत असतो. मॉस्कोहून आलेला मारेकरी गोळी झाडतो, गाडी पुलावरून नदीत कोसळते, मेरी मरते आणि बॉर्न नेपल्सला निघून जातो. ज्या देशाच्या भूमीवर हा खून झाला, त्या देशाचे काय, हा विचार कथेला शिवत नाही. काँगो आणि क्यूबाच्या वाट्याला प्रत्यक्षात हेच आले होते. आम्हा भारतीय प्रेक्षकांना ही उणीव जाणवली पाहिजे.

अध्यक्ष फोर्ड यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये राजकीय हत्येला मनाई करणारा आदेश काढला. रेगन यांच्या १९८१ च्या आदेशातही ती मनाई राहिली, पण हत्या म्हणजे नेमके काय याची व्याख्या त्यात नाही. हत्येचा कट हा गुन्हा ठरवणारा कायदा करावा, ही चर्च समितीची शिफारस अमेरिकी काँग्रेसने अमलात आणली नाही. अध्यक्षाचा आदेश पुढचा अध्यक्ष बदलू शकतो. जानेवारी २०२० मध्ये इराणचे जनरल कासिम सुलेमानी ड्रोनहल्ल्यात मारले गेले, तेव्हा हत्या की स्वसंरक्षण, हा वाद त्यामुळेच मिटू शकला नाही.

आपल्याकडे ‘रॉ’ १९६८ मध्ये स्थापन झाली, पण तिच्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. गुप्तचर संस्थांना कायद्याची चौकट आणि संसदीय देखरेख असावी, यासाठी मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. ते पुढे गेले नाही. गुप्ततेची गरज आम्हाला मान्य आहे. निवडक खासदारांची शपथबद्ध समिती ती सांभाळू शकते. सरकारने असे विधेयक आता स्वतःहून संसदेत आणावे.